केप टाउनची पेनिन्सुला टूर: थांबे सगळ्यांचे सारखे, दिवस मात्र वेगवेगळा

दक्षिण आफ्रिकेच्या जवळपास प्रत्येक ग्रुप टूरमध्ये केप टाउनच्या मुक्कामातला एक दिवस ‘केप पेनिन्सुला’ला दिलेला असतो. सकाळी शहरातून निघायचं, अटलांटिकच्या काठाकाठाने दक्षिणेला केप पॉइंटपर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या अंगाने, फॉल्स बेच्या कडेने परत यायचं. फेरा जेमतेम दीडशे किलोमीटरचा, वेळ आठ ते नऊ तास. पहाटेच्या सफारी आणि विमानांची पळापळ झाल्यावर हा दिवस कार्यक्रमात ‘आरामात साइटसीइंग’ म्हणून छापलेला असतो. तो खरंच तसा होऊ शकतो. पण त्याच रस्त्याने, त्याच थांब्यांवरून धावतपळत, अर्धंमुर्धं बघून परत येणारे ग्रुपही कमी नाहीत.

थांबे ठरलेले आहेत: कॅम्प्स बे, हाउट बेहून सील बघायची बोट, चॅपमन्स पीक ड्राइव्ह, केप पॉइंट, केप ऑफ गुड होप, बोल्डर्सचे पेंग्विन, सायमन्स टाउन. कुठलीही कंपनी घ्या, यादी थोड्याफार फरकाने हीच. त्यामुळे ब्रोशरमधली यादी वाचून टूर निवडण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते क्रम काय आणि केप पॉइंटच्या अभयारण्यात बस एकूण किती वेळ असणार. उत्तर अडीच तासांच्या आसपास आलं, तर हा दिवस पाचपैकी साडेचार गुणांचा. ‘तास-सव्वा तास’ म्हणाले तर अडीच, आणि तेही समुद्राच्या पुण्याईने.

आधी बसमधल्या सीटचं बघू. नेहमीच्या क्रमाने गेलं की समुद्र दिवसभर उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असतो. जाताना तोंड दक्षिणेला आणि अटलांटिक पश्चिमेला. येताना तोंड उत्तरेला आणि फॉल्स बे पूर्वेला. दोन्ही वेळा उजवीच खिडकी. डावीकडच्यांच्या वाट्याला डोंगराची कापलेली भिंत आणि शेजाऱ्याचं डोकं. ‘येताना आपल्या बाजूला येईलच की’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. जाणता टूर मॅनेजर केप पॉइंटला डाव्या-उजव्या रांगांची अदलाबदल करतो आणि ते सकाळी निघतानाच जाहीर करतो. आयत्या वेळी सांगितलं की जेवून सुस्तावलेली माणसं सामान उचलायला तयार नसतात. निवड तुमच्या हातात असेल तर सकाळचा अर्धा दिवस उजवीकडे मागा, कारण चॅपमन्स त्यात येतो.

कॅम्प्स बेला पंधरा मिनिटं पुरतात. पांढरी वाळू, मागे ‘ट्वेल्व्ह अपोस्टल्स’ डोंगरांची रांग, एक ग्रुप फोटो, झालं. पाणी दिसायला निळंशार आणि पाय घातला तर हाडं गोठवणारं. दक्षिणेकडून येणारा थंड बेंग्वेला प्रवाह या बाजूला आहे, आणि गंमत म्हणजे उन्हाळ्यात इथलं पाणी आणखी गार होतं: आग्नेयेचा वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्याची जागा खालचं थंड पाणी घेतं. समुद्रात पाय भिजवायची हौस असेल तर ती दुपारी फॉल्स बेवर भागवावी. तिथलं पाणी सहज काही अंशांनी कोमट असतं.

हाउट बेची बोट हा या दिवसातला सगळ्यात बेभरवशाचा भाग. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची फेरी, डायकर बेटापर्यंत. बेटावर उतरत नाहीत. बोट खडकांजवळ जाऊन इंजिन मंदावते आणि खडकावर लोळणारे शेकडो केप फर सील हातभर अंतरावरून असल्यासारखे दिसतात. त्यांचा वास त्याआधी दोन मिनिटं येतो. खाडीत असेपर्यंत पाणी शांत असतं. खाडीचं तोंड ओलांडलं की उघड्या समुद्राच्या लाटा लागतात, आणि बहुतेकांना मळमळतं ते बोट चालू असताना नव्हे, बेटापाशी ती जागच्या जागी डोलत असते तेव्हा. त्या वेळी मोबाइलच्या पडद्यात बघत व्हिडिओ काढणारे पहिले पडतात. उलटीची गोळी धक्क्यावर पोहोचल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. हॉटेलच्या बुफेवर आडवा हात मारू नये, पण अगदी उपाशीही राहू नये. बोटीत खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. वरच्या डेकवर फोटो चांगले येतात आणि हेलकावेही जास्त बसतात.

बोट सकाळीच हवी. उन्हाळ्यात दिवस चढेल तसा वारा वाढतो, आणि फेऱ्याही मुख्यतः सकाळच्या असतात. ज्या कार्यक्रमात ‘बोट दुपारी, परतताना’ असं लिहिलेलं असेल, तिथे ती रद्द होण्याची शक्यता जमेत धरून चाला. हिवाळ्यात मोठ्या लाटा असल्या की सकाळचीही रद्द होते. हा कंपनीचा दोष नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासाचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसणं हा दोष. धक्क्यावर सीलला मासा भरवून फोटो काढू देणारे लोक दिसतात आणि नंतर पैसे मागतात. सील जंगली प्राणी आहे, चावतो. लांबूनच बघा. आणि इथून निघायच्या आधी स्वच्छतागृह उरकून घ्या, कारण पुढचा बराच पल्ला नुसता देखाव्याचा आहे.

तो देखावा म्हणजे चॅपमन्स पीक ड्राइव्ह. ९ किलोमीटर, ११४ वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. काम १९१५ मध्ये सुरू झालं आणि रस्ता १९२२ मध्ये खुला झाला. बांधणाऱ्यांनी जागा हुशारीने निवडली: खाली टणक ग्रॅनाइट आणि वर वालुकाश्माचे थर, त्या दोहोंच्या सांध्यावर रस्ता कोरला आहे. बस थांबली की कड्याकडे बघा, थरांची रेघ स्पष्ट दिसते. ग्रॅनाइटने पाया दिला, पण वरचा ठिसूळ दगड पावसात आणि वाऱ्यात सुटून खाली येतो. म्हणूनच २००० च्या सुरुवातीला हा रस्ता बंद करावा लागला, आणि जाळ्या बसवून, कड्याच्या आत अर्धबोगदा कोरून २००३ च्या डिसेंबरात टोलसह पुन्हा सुरू झाला. आजही जोराचा पाऊस झाला की तो बंद ठेवतात, कधी सकाळी निघायच्या तासभर आधी कळतं. मग बस कॉन्स्टॅन्शियावरून वळून ‘ओउ काप्से वेख’ या डोंगरातल्या रस्त्याने जाते. तो रस्ताही देखणा आहे, पण समुद्र असा पायाखाली नाही. असं झालं तर टूर मॅनेजरशी भांडू नका. दरड कोणाच्या हातात नसते. एकाही जागी बस न थांबवता ‘खिडकीतून बघून घ्या’ म्हणाला, तर मात्र जरूर भांडा. हाउट बे नजरेत येईल अशा ठिकाणी दहा मिनिटांचा थांबा हा या दिवसाचा हक्काचा भाग आहे.

नूर्डहुक, कोमेटी, स्कारबरो अशी गावं मागे टाकत बस अभयारण्याच्या गेटवर येते. हा सगळा भाग टेबल माउंटन नॅशनल पार्कमध्ये मोडतो. परदेशी प्रवाशांचं प्रवेशशुल्क स्थानिकांपेक्षा बरंच जास्त आहे आणि ते दर नोव्हेंबरात बदलतं, म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या नातेवाइकांनी सांगितलेला आकडा धरून चालू नये. गेटपासून केप पॉइंटच्या पार्किंगपर्यंत आणखी बारा-तेरा किलोमीटर आहेत, हे अनेक कार्यक्रमपत्रिका विसरतात आणि इथूनच वेळेची बोंब सुरू होते. या पट्ट्यात दोन्ही बाजूंना फिनबॉस नावाची खुरटी झुडपं, अधूनमधून बॉन्टेबॉक हरणं आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर चरणारे शहामृग दिसतात. शहामृग असे मोकळे, फुकटात दिसत असताना वाटेत शहामृग फार्मवर चाळीस मिनिटं घालवणारा कार्यक्रम मला तरी कळलेला नाही.

वाटेत दोन पांढरे क्रूस लागतात. एक बार्तोलोमेउ दियासच्या नावाचा, जो १४८८ मध्ये हे टोक वळसा घालून गेला. दुसरा वास्को द गामाचा, जो १४९७ मध्ये इथून पुढे आला आणि १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. ही नुसती स्मारकं नाहीत. समुद्रातून दोन्ही क्रूस एका रेषेत दिसले की त्या रेषेवर पाण्याखालचा व्हिटल रॉक आहे, असा खलाशांना इशारा मिळतो. चांगला स्थानिक गाइड हे न विचारता सांगतो. गाइड कसा आहे याची ही सोपी परीक्षा.

आता केप पॉइंट. इथे दोन वेगळी टोकं आहेत आणि ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत त्यांची सरमिसळ होते. केप पॉइंट म्हणजे दीपगृह असलेला उंच सुळका. केप ऑफ गुड होप म्हणजे त्याच्या पश्चिमेला साधारण दोन किलोमीटरवर, समुद्राच्या पातळीला असलेलं खडकाळ टोक, जिथे ती प्रसिद्ध लाकडी पाटी आहे. पाटीवर लिहिलेलं आहे ‘आफ्रिका खंडाचं सर्वांत नैर्ऋत्येकडचं टोक’. सर्वांत दक्षिणेकडचं टोक हे नाही; ते केप अगुल्हास, इथून सुमारे दीडशे किलोमीटर आग्नेयेला. दोन महासागरांची अधिकृत हद्दही तिथेच मानतात. त्यामुळे ‘ही बघा, इथे दोन समुद्रांची रेघ दिसतेय’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

सुळक्यावर जायला ‘फ्लाइंग डचमन’ नावाची फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे. डबा चाळीस माणसांचा, चढ तीन मिनिटांचा. ऐकायला वाटतं ग्रुप एका फेरीत वर. प्रत्यक्षात अकरा ते एकच्या दरम्यान पाच-सहा बस एकदम येतात, रांग वीस-पंचवीस मिनिटांची होते आणि एक ग्रुप तीन डब्यांत विखुरतो. वरच्या स्टेशनवर उतरलं म्हणजे दीपगृह आलं असंही नाही. तिथून पुढे शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी वरच्या स्टेशनाजवळच्या कठड्यापाशी थांबावं, समुद्र तिथूनही पुरेसा दिसतो. चालता येणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फ्युनिक्युलरने वर जाऊन पायी उतरणं. फरसबंद वाट आहे, पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि खाली दियास बीचचा अर्धचंद्र सगळा वेळ डोळ्यांसमोर राहतो. हिशेब मांडा: रांग वीस मिनिटं, पायऱ्या दहा, वर पंचवीस, उतरायला वीस. पावणेदोन तास हातात असतील तर हे स्वच्छतागृह आणि कॉफीसकट निवांत होतं. एका तासात बसवलं की पन्नाशीच्या पुढची माणसं अर्ध्या पायऱ्यांवरून घड्याळ बघत मागे फिरतात.

वरच्या दीपगृहाची कथा नियोजनासाठीच उपयोगाची आहे. ते १८५९ साली समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर बांधलं. इतक्या उंचीवर ढग आणि धुकं वारंवार येतं, आणि दिवा नेमका गरजेच्या वेळी झाकला जायचा. १८ एप्रिल १९११ रोजी ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज बेलोज रॉकवर आदळलं, तेव्हा दुसरं दीपगृह खाली, ८७ मीटरवर बांधायचं ठरलं. ते १९१९ मध्ये सुरू झालं. शंभर वर्षांपूर्वी दिवा झाकणारं धुकं आजही येतं आणि तुमचा देखावा झाकतं. त्या दिवशी खाली केप ऑफ गुड होपला मात्र लख्ख ऊन असू शकतं. म्हणून पार्किंगमधून सुळका ढगात दिसला तर तिकिटाच्या रांगेत उभं न राहता आधी खालच्या टोकावर जावं आणि तासाभराने परत यावं. अभयारण्यातच फिरायचं असल्याने वेगळं शुल्क लागत नाही. ज्या टूर मॅनेजरला एवढी मोकळीक दिलेली असते, त्याचा ग्रुप सहसा खूश परत जातो.

पाटीपाशी फोटोची रांग हा स्वतंत्र विषय आहे. चाळीस माणसं, प्रत्येकाचा एकट्याचा, मग जोडीचा, मग कुटुंबाचा फोटो. माणशी अर्धा मिनिट धरलं तरी वीस मिनिटं गेली, आणि मागे दुसऱ्या देशाचा ग्रुप ताटकळत असतो. आधी सगळ्यांचा एकत्र फोटो, मग फक्त कुटुंबांचे, आणि एकट्याच्या फोटोसाठी बाजूच्या खडकांची जागा, असा नियम बसमध्येच सांगून ठेवलेला बरा. पायाचं बळ असणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे: केप पॉइंटच्या पार्किंगमधून लाकडी फळ्यांच्या आणि खडकाळ वाटेने कड्यावरून केप ऑफ गुड होपला चालत जाता येतं. पाऊण-एक तासाची ती चाल म्हणजे सबंध दिवसाचा कळस. बस त्यांना खाली उचलून घेते. पण यासाठी टूर मॅनेजरसोबत स्थानिक गाइडही हवा, म्हणजे ग्रुप दोन भागांत करता येतो.

बबून माकडांना हलक्यात घेऊ नका. पार्किंगमध्ये ती सराईतपणे फिरतात, चेन उघडतात, आणि हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुड्यातली चकली किंवा केळं उघड्यावर काढलं की संपलं. नराचे सुळे बघितल्यावर कोणी ओढाताण करणार नाही, तरी सांगून ठेवतो: पिशवी सोडून द्यावी. बसचं दार बंद ठेवायचं, खाणं बसमध्ये किंवा हॉटेलातच.

जेवण बहुधा केप पॉइंटच्या रेस्टॉरंटात किंवा सायमन्स टाउनला असतं. मासे खाणाऱ्यांची चंगळ: हेक, किंगक्लिप, कॅलमारी, सगळं ताजं. शाकाहाऱ्यांना पास्ता, सॅलड आणि चिप्स यावर भागवावं लागतं. इथे एक मेख आहे. चिप्स पुष्कळदा माशांच्याच तेलात तळलेले असतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी हे आधीच विचारून घ्यावं. वेगळ्या तेलाची सोय आदल्या दिवशी कळवली तर होते, टेबलावर बसल्यावर सहसा होत नाही. काही कंपन्या शहरातल्या भारतीय रेस्टॉरंटातून डबे बांधून आणतात. चवीला ठीक, पण खायला जागा लागते आणि बबूनमुळे ती जागा उघडी असून चालत नाही. जेवणाला पाऊण तास छापलेला असतो, लागतो सव्वा. चाळीस जणांची ऑर्डर एकाच वेळी घेतली की स्वयंपाकघराचं असंच होतं. मेनू सकाळी बसमध्ये भरून घेऊन फोनवर कळवणारा टूर मॅनेजर सोन्याचा.

बोल्डर्सला पेंग्विन बघायला दुपार उशिरा यावं, समुद्रात मासे पकडायला गेलेले परतत असतात. १९८२ मध्ये इथे दोन जोड्या आल्या आणि वसाहत वाढली. आज एकूण आफ्रिकन पेंग्विनांची संख्या इतकी घटली आहे की २०२४ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली; मुख्य कारण सार्डिन आणि अँचोव्ही हे त्यांचे मासे कमी होणं. ग्रुपला फॉक्सी बीचच्या फळ्यांच्या वाटेवर नेतात. तिथे पेंग्विन जवळून दिसतात, पण कठड्यावर गर्दी असते. फारसं कोणी सांगत नाही ते असं की त्याच तिकिटावर शेजारच्या बोल्डर्स बीचवरही जाता येतं, म्हणून तिकीट टाकू नका. तिथे गुळगुळीत ग्रॅनाइटच्या धोंड्यांमध्ये वाळूवर उतरता येतं, आणि कधी पेंग्विन दोन हातांवरून चालत जातो. हात लावायला जाऊ नका, चोच वस्तऱ्यासारखी आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत गेलात तर पिसं झडलेले, गबाळे पेंग्विन दिसतील. ते आजारी नसतात. पिसं बदलायच्या त्या तीनेक आठवड्यांत त्यांना पाण्यात उतरता येत नाही, म्हणून काठावर उपाशी उभे असतात.

सायमन्स टाउन हे नौदलाचं गाव. वेळ असेल तर ज्युबिली स्क्वेअरमधला ‘जस्ट न्युइसन्स’ या ग्रेट डेन कुत्र्याचा पुतळा बघावा. खलाशांबरोबर विनातिकीट रेल्वेत चढतो म्हणून तक्रारी झाल्या, तेव्हा १९३९ मध्ये त्याला रीतसर ब्रिटिश नौदलात भरती करून घेतलं. परतीच्या वाटेवर म्युझेनबर्गच्या किनाऱ्यावर कपडे बदलायच्या रंगीत लाकडी खोल्या आहेत, त्या बसमधून दिसल्या तरी पुरे.

मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, तेव्हा तिथे हिवाळा असतो. जूनमध्ये सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. अभयारण्य आणि बोल्डर्स, दोन्ही संध्याकाळी पाचला बंद. साडेआठला निघून सव्वानऊची बोट आणि पावणेतीनला केप पॉइंट सोडणं जमलं नाही, तर पेंग्विन पंधरा मिनिटांत उरकावे लागतात. विंडचीटर लागतोच, छत्रीचा उपयोग शून्य. केप पॉइंटच्या वाऱ्यात ती उलटी होते. उन्हाळ्यात दिवस मोठा, पण वारा असा की टोपी आणि ओढणी बांधूनच ठेवावी.

बुकिंग करताना कार्यक्रमातले शब्द नीट वाचा. ‘प्रवेशासह’, ‘फोटो स्टॉप’ आणि ‘बसमधून दर्शन’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीलची बोट बऱ्याच ठिकाणी ‘ऐच्छिक’ म्हणून बारीक अक्षरात असते. बोट रद्द झाली तर पैसे रँडमध्ये तिथेच परत मिळणार की घरी आल्यावर, हे लेखी घ्या. फ्युनिक्युलर एकेरी धरली आहे की दुहेरी, तेही विचारा. पायी उतरणार असाल तर एकेरी पुरते.